कुंकवाचं बोट

परवा वाघोलीत, आमच्या सोसायटीतल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात, शेजारणीने मनगटाला हिना अत्तर लावलं आणि त्या वासासरशी येरवड्याच्या घरातली आईची शवपेटी डोळ्यांपुढे आली.

आम्ही ख्रिस्ती. समोरच्या काकूंच्या हळदीकुंकवाला आई दरवर्षी हौसेने जायची, पण कुंकू लावून घ्यायची नाही. "अहो, मला आपलं अत्तरच लावा," म्हणत मनगट पुढे करायची.

आई गेली त्या दिवशी काकू कुंकू घेऊनच आल्या. सवाष्ण गेली होती. त्यांच्या रीतीने तिला कुंकवाशिवाय पाठवायचं नसतं. त्यांचं लाल बोट आईच्या कपाळाजवळ जाऊन थांबलं. बाबा, चर्चचे पाळकसाहेब, सगळे शवपेटीभोवतीच उभे होते.

"नको ना गं तुला?" काकूंनी आईलाच विचारलं. मग बोट स्वतःच्या पदराला पुसलं आणि आईच्या मनगटावर अत्तर लावलं.

तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आईचं व्रत शेवटपर्यंत टिकलं, एवढंच मला दिसलं. आता दिसतात त्या ते मनगट नाकाशी धरून बसलेल्या काकू. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"वास फुलतच नाही गं," त्या म्हणाल्या. "हाताला ऊबच नाही."