अण्णांनी पांघरून बघितली का?

माझी जीभ एक दिवस मला नडणार, असं आई लहानपणापासून सांगत आली आहे. नडली खरी, पण मला नाही, अण्णांना.

अण्णा म्हणजे माझे वडील. मंगळवेढ्याकडची शेती भावावर सोपवून ते सोलापुरात आले आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायला बसले. चादरीवर जो मोर दिसतो, तो आधी चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो. एक घर म्हणजे एक धागा. लाल पेन्सिलीने घरं भरत गेलं की आठ-दहा दिवसांनी मोर तयार होतो आणि मग मागावर चढतो. अण्णा हे काम तीस वर्षं करतायत. रविवारी घरी असले की पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसतात आणि एकही अक्षर न लिहिता त्याची घरं लाल करून टाकतात.

मी सात रस्त्याजवळच्या एका लहानशा ऑफिसात प्रोग्रामर आहे. आम्ही माणसं सहा आणि सातवा एआय. त्याचा खरंच उपयोग होतो का, असं लोक मला विचारतात. होतो. मला दिवसभर लागेल ते कोड तो माझा चहा गार व्हायच्या आत लिहून देतो. मग त्यात त्याने काय काय करून ठेवलंय ते शोधण्यात माझे दोन दिवस जातात. वर स्वभावाने पक्का होयबा. चूक दाखवली की ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हणतो आणि नवी चूक करतो. मी मुद्दाम चुकीचं बोलले तरी माझं बरोबरच असतं. असा नवरा मिळाला असता तर मी त्याला आठ दिवसांत त्याच्या माहेरी पोचवलं असतं.

तर एकदा अण्णा डबा विसरले म्हणून मी कारखान्यात गेले. मालकांनी चहा मागवला. समोर अण्णा मोराची मान भरत होते. मालक म्हणाले, “ताई, या मोराला अजून आठवडा लागतोय बघा.”

इथे गप्प बसायचं होतं. मी म्हणाले, “आठवडा? आमचा एआय एका दुपारी करून देईल.”

मालकांनी बशी खाली ठेवली.

आणि एआयने खरंच एका दुपारी केलं. फोटो घातला की ग्राफ बाहेर, असा प्रोग्राम तयार झाला. मालक इतके खूश झाले की अण्णांना म्हणाले, नमुन्याची चादर चांगली निघाली तर पुढच्या महिन्यापासून तुम्ही आराम करा, लागलं तर बोलावू. हे अण्णांनी मला भाकरी मोडता मोडता सांगितलं. वर म्हणाले, “पोरीचं काम लई चांगलं हाय म्हणत हुते मालक.” खुर्ची त्यांची, आणि काढून घेतली मी, तीही फुकटच्या चहावर फुशारकी मारून.

माझा प्रोग्राम फसावा म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. एरवी तो न मागताच फसतो.

नमुना बघायला मी कारखान्यात गेले, तर तो मात्र देखणा निघालेला. मालक फोटो काढत सुटले. अण्णांनी चादर उलटी करून पाहिली, चपला काढल्या, कापणीच्या टेबलावर चढले आणि चादर पांघरून आडवे झाले.

“अहो अण्णा, हे काय?” मालकांनी विचारलं.

“चादर हाय न्हवं? मग निजून बघतू की.”

ते दोनदा कुशीवर वळले आणि थांबले. पायाचा अंगठा मोराच्या मानेत अडकला होता. पाय ओढला तसा एक धागा सर्रकन निघाला आणि मोराची मान मुरगळली.

अण्णा मुद्दाम करतायत असं मालकांना वाटलं. ते मोजे काढून स्वतः चढले. त्यांचा अंगठा तर अडकलाच, तो सोडवताना बोटातली अंगठीही अडकली. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा फोन आला. “माल एकदम फर्स्टक्लास,” असं त्यांनी चादरीखालूनच सांगितलं.

“मान सगळी एका रंगाची,” अण्णा मला म्हणाले. “तितं धागा लांबच्या लांब मोकळा सुटलाय. सात-आठ घरं झाली की एक टाका घालून दाबायचा असतोय. फोटूत कळत न्हाय ते. पायाला कळतंय.”

मालकांनी अण्णांना फर्मावलं, तुम्हाला येतं ते सगळं प्रोग्रामला शिकवा. अण्णा माझ्या शेजारी येऊन बसले. मी एआयला टाक्याचं सांगितलं. तो म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, आणि त्याने बरोबर दर आठव्या घरावर टाका घालून अख्खा मोर ठिपक्यांनी भरला.

“मोराला गोवर आलाय,” अण्णा म्हणाले.

मग टाके पिसाच्या डोळ्यात कसे लपवायचे, मानेच्या वळणाबरोबर कसे न्यायचे, ते अण्णा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. मोर सुधारत चालला. स्वतःची खुर्ची रिकामी करायचं काम हा माणूस इतकं मन लावून करत होता.

न राहवून मी म्हणाले, “अण्णा, सगळं कशाला सांगताय? थोडं ठेवा की स्वतःकडं.”

“अगं, अर्धं सांगितलं तर लोकांची बोटं अडकतील,” ते म्हणाले आणि पुढचा टाका सांगायला लागले.

शेवटची ओळ मी एआयला न विचारता स्वतः लिहिली. नवीन डिझाइनचा पूर्ण माल काढायच्या आधी प्रोग्राम एक प्रश्न विचारतो, ‘नमुन्याची चादर अण्णांनी पांघरून बघितली का?’ हो म्हटल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. मालकांनी प्रश्न वाचला, बोटातल्या अंगठीकडे पाहिलं आणि म्हणाले, “असू दे. अण्णा, उद्या वेळेवर या.”

एआयने मात्र हरकत घेतली. या पायरीची गरज दिसत नाही, काढली तर वेळ वाचेल, असं त्याने सुचवलं. मी लिहिलं, ती काढायची नाही, ते माझे वडील आहेत.

‘तुमचं अगदी बरोबर आहे,’ तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मला ते पटलं.