नेइआफूच्या आवाजांची नक्कल

वादळ संध्याकाळपर्यंत वावाऊ बेटावर धडकणार होतं आणि दुपारी दोनला बेटाची वीज बंद होणार होती. अशात सकाळी नेइआफू गावातल्या रेडिओ केंद्राची जुनी डिस्क टकटक वाजायला लागली.

तिच्यात चाळीस वर्षांचे आवाज होते. म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या वंशावळी, बायकांची गाणी. मूळ टेपा बुरशीने कधीच गेल्या होत्या.

लोसालिने ही केंद्राची यंत्रं सांभाळणारी. बंदरातल्या बोटींचे वायरलेस दुरुस्त करत शिकलेली. पदवी नाही, पण हात सावध. तिने नवी डिस्क जोडली, काळ्या पडद्यावर आज्ञा लिहिली आणि आख्ख्या डिस्कची नक्कल सुरू केली. पडद्यावर आकडा आला: नऊ तास.

"मामा, थांबवते हे. नवी डिस्क चुकीच्या खाचेत लावलीय, आणि मशीन चिमटीचिमटीने उचलतंय. त्याला घमेल्याने उचलायला सांगते. पण एकदा बंद करून चालू करावं लागेल."

केंद्रप्रमुख फेलेती तिचा सख्खा मामा. "चाललंय ना? मग कशाला हात लावतेस? बंद केलेली डिस्क परत फिरलीच नाही तर?"

"नऊ तास वीज कोण देणार, तुम्ही?"

"आपल्यात रीतच आहे, भाचीपुढे मामाचं काही चालत नाही. कर बाई."

तिने मशीन बंद केलं, नव्या डिस्कची वायर योग्य खाचेत घातली, पुन्हा चालू केलं. जुनी डिस्क दोनदा अडखळली आणि फिरली. अकरा वाजून गेले होते. मघाचीच आज्ञा वर आणून तिने त्यात उचलायचं माप वाढवलं. बोट एंटरवर गेलं.

"दाब की!" मामा ओरडला.

तिने बोट उचललं. आधी डिस्कांची यादी मागवली, डिस्कांवर चिकटवलेल्या पट्ट्यांवरचे नंबर ताडून पाहिले. मग पुन्हा एकदा ताडले. मशीन डिस्कांना अ, ब अशा अक्षरांनी ओळखायचं, आणि बंद करून चालू केल्यावर त्याने दोघींची अक्षरं बदलली होती. मघाची अ आता ब झाली होती.

"काय गं?"

"दाबलं असतं तर कोरी डिस्क आवाजांवर ओतली गेली असती."

मामा मटकन खुर्चीत बसला.

आज्ञेतल्या अक्षरांची अदलाबदल करून, मशीनला खराब जागा सोडून पुढे जायला सांगून तिने एंटर दाबलं. आता आकडा होता दोन तासांचा. बाहेर शेजारी पत्र्यांवर दोर आवळत होते. दीड वाजता नक्कल झाली. सोडलेल्या जागा तिने मशीनला पुन्हा पुन्हा वाचायला लावल्या, दोन सोडून सगळ्या मिळाल्या. दोनला पाच कमी असताना जुनी डिस्क खरखरली आणि कायमची गप्प झाली.

नवी डिस्क तिने डब्यात घालून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी बांधली आणि घरी पळाली.

वादळात केंद्राचं छप्पर उडालं. महिन्याभराने तात्पुरत्या खोलीतून गाणी लागली, तेव्हा एकात वीस सेकंदांची शांतता आली. दुसऱ्या दिवशी त्या गाणारीची बहीण, ऐंशीची व्हिका, काठी टेकत आली.

"ते कडवं कुणी खाल्लं गं?"

लोसालिनेने तिच्यापुढे माईक ठेवला. "तुम्हीच म्हणा, आजी."