माझं मायलिन आणि निर्गुडीचं पाणी

"मल्टिपल स्क्लेरोसिस," डॉक्टर म्हणाल्या. माझा नवरा भिंतीवरच्या मेंदूच्या चित्रातच डोळे घालून बसला. मी म्हणाले, "एवढं भारदस्त नाव? मला वाटलं, शीर आखडली असेल." डॉक्टर हसल्या नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरले.

घाबरले ती बोटांसाठी. अंधेरीच्या एमआयडीसीत मी बावीस वर्षं कॉइल गुंडाळते. केसासारखी तांब्याची तार, तिच्यावर वार्निशाचा पातळ थर. ती चिमटीत धरून ताण ओळखायचा, एवढीच माझी विद्या. आणि उजव्या हाताला महिनाभर काही कळत नव्हतं. रबरी हातमोजा चढवल्यासारखं वाटायचं. तार तुटली की मगच समजायचं, गेली.

घाटकोपरला आमच्या घरी उपचार अर्थातच आधी सुरू झाले होते. सासूबाई कुडाळच्या. निर्गुडीचा पाला उकळून त्या कढत पाण्याने मला रोज आंघोळ घालायच्या. "वाईच सोस गो, शिरो मोकळ्यो जातल्यो." आंघोळ झाली की मी नाटकातल्या दारुड्यासारखी भिंत धरत बाहेर. पाय लटपट, डोळ्यांपुढे धूसर. सासूबाई खूश! विकार बाहेर पडतोय म्हणे. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत.

हे मी पहिल्या भेटीत या डॉक्टरांना गंमत म्हणून सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "गरम पाण्याने वाढतं? हे आधी कुणाला सांगितलंत?"

कुणालाच नाही. आधीच्या दोन डॉक्टरांपुढे घरचा पाला कशाला काढायचा?

मग एमआरआय, म्हणजे मोठ्या चुंबकाने आतले फोटो. त्या बोगद्यात ठोकाठोकी चालते. आत कॉइलच असतात हे कळल्यावर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. नंतर लंबर पंक्चर, म्हणजे कमरेत सुई घालून मणक्यातलं पाणी काढणं. तिथे मात्र माहेर आठवलं नाही. आठवडाभर वाट बघितली, आणि मग ते भारदस्त नाव.

"मज्जातंतूवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टण असतं," डॉक्टर सांगू लागल्या. "वायरीच्या आवरणासारखं. शरीराची स्वतःचीच फौज ते कुरतडतेय."

"मॅडम, आवरण गेलं की आमच्याकडे शॉर्ट होतं, ठिणग्या उडतात. इथे तर सगळं थंड!"

आता त्या हसल्या. वेष्टण सलग नसतं, मध्ये मध्ये फटी असतात. संदेश एका फटीवरून दुसरीवर उड्या मारत जातो, म्हणून वेगात पोचतो. वेष्टण झडलं की उडी हुकते. संदेश रखडतो, नाहीतर वाटेतच विरतो. अंग तापलं की आणखी. "उष्णतेने नवीन इजा होत नाही. असलेली उघडी पडते, एवढंच."

"हिची नोकरी?" नवऱ्याने विचारलं.

"बोटं किती परत येतील ते काही महिन्यांनी बोटंच सांगतील."

पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं औषध. त्यानंतर पुढचे झटके कमी व्हावेत म्हणून कायमचं औषध. आजार जात नाही, आवरता येतो.

सासूबाई रडल्या. "मियाच तुका भाजलंय गो."

"आये, तुम्ही भाजलं नसतं तर तो सापडला असता का?"

तुमच्यापैकी कुणाची बोटं अशी बधिर झाली तर डॉक्टरांना सगळं सांगा. लेप, काढा, शेक, आणि त्यानंतर काय झालं तेही. लाजू नका. लाजण्यात माझा महिना गेला.

पाचव्या महिन्यात कामावर गेले. बारीक तार चिमटीत धरली. डावा हात बोलला, उजवा गप्प. तिसऱ्यांदा तुटली तेव्हा मी रीळ शेजारच्या वैशालीला दिलं आणि सुपरवायझरला म्हणाले, "मला जाडी तार दे रे."

"मावशी, चालेल ना?"

"बघू ना!"

जाड्या तारेचा ताण मनगटाला कळतो, आणि मनगट माझ्या बाजूने होतं. पहिली कॉइल टेस्टिंगला गेली तेव्हा मी टेबल धरून उभी होते. टेस्टिंगच्या पोराने मीटर लावला, पास झाल्याचा हिरवा ठिपका चिकटवला आणि वर न बघताच पुढची उचलली. त्याच्यासाठी ती दिवसभरातल्या ढिगातली एक.

मला नेमकं तेवढंच हवं होतं.