माइकचा खिसा

कालव्यावरचा पूल मागे पडला तेव्हा धाकट्या जावेच्या टाचेला चप्पल लागायला सुरुवात झाली होती. थोरली मात्र "आलंच बघ" म्हणत पुढे चालली होती. हॉस्पिटल काही आलं नव्हतं. एक बस त्यांना मागे टाकून गेली, अर्धी रिकामी.

"ताई, बसवाल्याशी भांडलीस का तू?"

"चाललं की मोकळं वाटतं."

"माझी टाच मोकळी होतेय, सालपटासकट."

थोरली हसली नाही. एरवी ती हसण्यात मागे राहणारी नव्हे. तिच्या खांद्याला तिनंच शिवलेली काळी बॅग होती, आत टॅब्लेट, माइक आणि केबल. पावलागणिक ती बॅग कमरेवर आपटत होती, आणि कुणीतरी मागून ढोसतंय, "सांग, सांग आता," असं तिला वाटत होतं. बसनं गेलं असतं तर एव्हाना पोचल्या असत्या. म्हणून तर ती चालत निघाली होती.

तिला सगळे खिसेताई म्हणत. जिन्याखालच्या खोलीत तिचं मशीन होतं, आणि त्यावर ती वाद्यांच्या पिशव्या शिवायची. बासरीची लांबट पिशवी, गिटारचं जाड अस्तराचं कव्हर, ढोलकीची गोल झोळी. वाजवणारे लोक यायचे, वाद्य तिच्या टेबलावर निजवायचे, आणि ती एखाद्या बाळाचं माप घ्यावं तशी हळूच फीत फिरवायची. सांगितलेल्यापेक्षा एक खिसा ती नेहमी जास्त लावायची. "लागेल कधीतरी," म्हणायची. तिला स्वतःला एक सूर धड लावता येत नसे. पण आयुष्यभर वाद्यांच्या संगतीत काढलेलं, त्यामुळे घरात गाण्याबजावण्याचं काहीही निघालं की सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळत. आणि खोटं कशाला बोला, त्या माना वळलेल्या तिला आवडत.

म्हणूनच आत्याबाईंनी ते काम तिला सांगितलं.

आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची बहीण. दोन्ही सुनांना या घरात रुळवलं ते त्यांनी. रोज सकाळी त्या आपल्या आईनं शिकवलेली एक प्रार्थना म्हणत, आणि ती ऐकल्याशिवाय घरात चहा उकळत नसे. त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज परत येणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं. मग थोरलीला बोलावून म्हणाल्या, "मला ती प्रार्थना त्या तुझ्या टॅब्लेटमध्ये भरून दे. पुढे सकाळी देवापुढे बसेन तेव्हा माझी मीच ऐकेन. तुला त्यातलं कळतं."

"कळतं" या शब्दानं थोरली हातभर वर गेली.

तिनं आधी बॅग शिवली. तिची पद्धतच तशी. दुकानाच्या जाहिरातीतलं चित्र बघून माइकची मापं अंदाजानं काढली, टॅब्लेटला मऊ कप्पा केला, माइकला उभा खिसा, केबलला चेनचा. मग ती रिकामी बॅग घेऊन दुकानात गेली. दुकानदार भला माणूस. त्यानं काचेवर एकेक वस्तू मांडली आणि समजावलं, "हा छोटा माइक थेट टॅब्लेटला लागतो, आवाज साधा येतो. हा मोठा, याचा आवाज सुरेख, पण याला वीज जास्त लागते. टॅब्लेटची पुरत नाही. मध्ये वीज देणारी ही डबी जोडावी लागेल. आणि हा हेडफोन घ्या. गाणं चालू असताना कानाला लावून बसायचं, म्हणजे आवाज आत जातोय की नाही ते लगेच कळतं."

थोरलीनं मोठा माइक उचलून खिशात सरकवला. काय बसला म्हणून सांगू! जणू खिसा त्याच्याच अंगावर शिवलेला. मग डबी घालून बघितली. चेन लागेना. हेडफोनला तर जागाच नव्हती.

"डबी नको," ती म्हणाली.

"बाई, त्याशिवाय हा माइक मधेच बंद पडेल."

"अहो, माझी हयात गेली वाद्यांत. मला नका शिकवू."

दुकानदारानं हात वर केले. बॅग उसवून मोठी करता आली असती. तिच्यासारख्या बाईला ते काय अवघड! पण स्वतःच्या हातानं शिवलेलं, इतकं देखणं बसलेलं, उसवायला तिचं मन झालं नाही. एवढीच तर गोष्ट. घरी आल्यावर तिनं माइक जोडून 'हॅलो हॅलो' केलं. हिरवा दिवा लागला, पडद्यावरची रेघ थरथरली. झालं तर.

ज्या दिवशी गायचं ठरलं त्या दिवशी शेजारपाजारच्या बायका येऊन बसल्या. थोरलीनं पंखा बंद करायला लावला, खोकणाऱ्यांना दटावलं. तिचा नवरा म्हणाला, "आमच्या घरात रेडिओ स्टेशन निघालं," आणि सगळ्या हसल्या, तेही तिला गोड वाटलं. आत्याबाईंनी पाणी पिऊन गळा साफ केला आणि सुरुवात केली.

पहिली ओळ संपता संपता हिरवा दिवा विझला. पडद्यावरची रेघ सरळ झाली.

थोरलीनं ते बघितलं. नुसतं हात वर करून "थांबा" म्हणायचं होतं. पण खोलीभर बायका, सगळ्यांचे डोळे मिटलेले, आणि त्या दुकानदाराचं बोलणं तिच्या कानात. पुन्हा एकदा गायला लावू नंतर, असं मनाशी म्हणत ती तशीच बसली, चेहऱ्यावर सगळं ठीक असल्याचा भाव आणून. आत्याबाईंनी प्रार्थना शेवटपर्यंत म्हटली. इतकी सुंदर त्यांनी ती कधीच म्हटली नव्हती. संपल्यावर खोकल्याची उबळ आली आणि त्यांना धरून आत नेलं. दारातून वळून त्यांनी विचारलं, "आलं ना गं?"

"आलं. छान आलं."

दुसऱ्या दिवशी त्यांना हॉस्पिटलात दाखल केलं आणि ऑपरेशन झालं. तेव्हापासून थोरली सकाळी देवापुढे हात जोडायची, पण नजर वर करायची नाही.

आणि काल आत्याबाईंनी पट्टी बांधलेल्या गळ्याला हात लावला, मग कानाला लावला आणि हसून तिच्याकडे बघितलं. उद्या ऐकव.

टायरच्या दुकानाजवळ धाकटी बुटक्या भिंतीवर बसली आणि तिनं चप्पल काढली. "आत्याबाईंच्या आधी मला ऐकव की. माझा तरी पाय विसरेल दुखायचं."

"इथं? एवढ्या गोंगाटात?"

"ऐकव गं. भाव कशाला खातेस?"

थोरलीनं चेन उघडली. बोट लावलं. आत्याबाईंचा आवाज आला, "सुरू करू?" पाठोपाठ तिचा स्वतःचा, "करा, करा, सगळं नीट आहे." मग एक ओळ. मग काहीच नाही.

"आवाज वाढव."

"वाढवलाय."

"मग पुढचं?"

"पुढचं नाही."

धाकटीनं टॅब्लेट तिच्या हातातून घेतला, कानाला लावला, परत दिला. "पण तुला कळलं कधी हे?"

थोरलीनं उत्तर तयार करून ठेवलं होतं. टॅब्लेट पडला, पुसलं गेलं, काल रात्रीच लक्षात आलं. वाटभर तिनं ते घोळवलं होतं. पण भिंतीवर उघड्या पायानं बसलेल्या जावेकडे बघून ते काही तोंडातून निघेना.

"तेव्हाच," ती म्हणाली.

"तेव्हाच म्हणजे? त्या गात होत्या तेव्हा?"

"पहिल्या ओळीला. दिवा गेला ना, तेव्हा." मग डबीचं, चेनचं, दुकानदाराचं सगळं तिनं सांगून टाकलं.

धाकटीनं बॅगेतल्या त्या उभ्या खिशाला बोट लावून बघितलं. मग म्हणाली, "खिशासाठी, ताई?"

"खिशासाठी."

"आणि एवढ्या बायकांत थांबा म्हणायची लाज वाटली?"

"तेव्हा ती वाटली. आता ही वाटतेय. ही जन्मभर पुरेल."

धाकटीला राग आला होता, तिच्या नाकाच्या शेंड्यावर तो दिसत होता. तिनं चप्पल चढवली आणि पुढे चालायला लागली. हॉस्पिटलचं फाटक दिसेपर्यंत तिनं मागे वळून बघितलं नाही. फाटकाशी मात्र ती थांबली, मागे राहिलेल्या जावेची वाट बघत.

थोरली धापा टाकत आली. बॅगेचा पट्टा तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"एक करशील? आत मीच बोलते, पण मी मला ओळखते. त्यांचा चेहरा बघितला की तोंडातून निघेल, माइकनं दगा दिला म्हणून. तसं निघालं तर माझी भीड धरू नकोस. तिथल्या तिथं, त्यांच्यासमोर म्हण, 'ताई, माइकनं नाही.' म्हणशील ना?"