खाणीवरची बेणणी

मानपाड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा गुडघे आधीच कामातून गेले होते. तरी खडवलीजवळच्या एका बंद दगडखाणीचा उतार हिरवा करायचं खूळ डोक्यात शिरलं. खाणीतून निघालेला टाकाऊ चुरा नुसता ओतून ठेवलेला, माती नावालाही नाही. बायको म्हणायची, "निघाले दगडाला पालवी फोडायला!"

दोन वर्षं रोपवाटिकेतली रोपं लावली. खड्डे खणले, रांगेत काठ्या रोवल्या, कॅनने पाणी वाहिलं. सगळी वाळली. मी पुरता वैतागलो होतो. त्यात खाणीच्या मालकाने निर्वाणीचं सांगितलं, या पावसाळ्यात काही उगवलं तर ठीक, नाहीतर दसऱ्यानंतर जागा राडारोडा टाकायला देणार.

म्हणून तिसऱ्या वर्षी तिथल्याच झाडांचं बी गोळा केलं. पळस, खैर, ऐन. काठ्यांच्या रांगा सोडून मधल्या चुऱ्यातच ते टोचलं. श्रावणात वीतभर रोपं डोलायला लागली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! पण गवतही तेवढंच माजलं. मग गावातल्या चार बायकांना बोलावलं. भाताची बेणणी करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यातही सगळ्यांत मोठ्या मावशींचा. "गवत तेवढं काढा," एवढं सांगून मी उंबराखाली टेकलो आणि माझा डोळा लागला.

जागा झालो तर उतार चकाचक. भातात रांगेतलं राखायचं, मधलं उपटायचं; जन्मभर त्यांनी तेच केलं होतं. काठ्यांजवळच्या वाळक्या काटक्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. माझी रोपं गवताबरोबर ढिगात पडली होती.

"मावशी, अहो तीच तर झाडं होती!"

"काठी हाय ते तुमचं, बाकी रान. आमाला वेगळं कुनी दावलं?"

दाखवायला मी उठलोच नव्हतो. स्वतःची इतकी चीड आली, पण चिडायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी आपणहून हजर. ढिगातली रोपं निवडून त्यांनी रात्रभर ओल्या गोणपाटात ठेवली होती. भाताच्या आवणीला, रोपं लावताना, बांधतात तशा मुठी बांधून आणल्या होत्या. भर पावसात वाकून त्या एकेक रोप चुऱ्यात खोचत गेल्या. पळसाची मुळं निम्म्यातून तुटलेली मला स्पष्ट दिसत होती. मावशींनी विचारलं, "जगतील ना?"

"जगतील की," मी म्हणालो आणि त्यांच्यासोबत वाकलो.

दसऱ्यापर्यंत बहुतेक सगळी गेली. मालकाने बोलल्याप्रमाणे केलं. ते सांगायला मी मावशींच्या घरी गेलो. तुम्हाला उगाच आशा लावली, मुळं तुटलेली मला तेव्हाच दिसली होती, असं कसंबसं बोललो.

त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"भातात जन्म गेला माजा, दादा. मला नाय दिसली व्हय? तुमचा चेहरा बघून गप ऱ्हायले."