कुलूप काढा, मग आत येऊ

कणकुंबीचं जंगल बघायचं म्हणून मी सांगलीहून निघाले होते. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी, दिवाळीच्या सुट्टीला जोडून घेतलेली रजा, आणि वाटेत बोरगावला सुजाताकडे मुक्काम. सुजाता माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. कित्येक वर्षं ‘ये की गं’ म्हणत होती. तिथून निपाणी, बेळगाव, जांबोटी आणि कणकुंबी असा बेत होता. ही पोस्ट त्या जंगलावर होणार होती. झाली नाही.

आधी रस्त्याचं सांगते. सांगलीहून इचलकरंजीला एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पुढे बोरगावला वडाप मिळतं, पण जीप माणसांनी गच्च भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. मध्येच कुठेतरी राज्य बदलतं, ते दुकानांच्या पाट्या कानडी झाल्यावर कळतं. ऊस तोच, मातीही तीच. पलीकडे कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना प्रवास फुकट, पण आधार कार्ड तिथलं लागतं. माझं सांगलीचं बघून कंडक्टरनं हसत हसत पूर्ण तिकीट फाडलं.

सुजाताचं घर जैनांचं, त्यामुळे जेवण दिवस मावळायच्या आत. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, घरचं घट्ट दही. मी दोन भाकरी खाल्ल्या. सुजातानं मात्र ताटातली भाकरी नुसती कुस्करून ठेवली होती.

सुजाता निपाणीजवळ शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात मशीनवर असते. कारखान्याच्या गाड्या गावोगावच्या बायका उचलतात. एक गाडी बोरगावची, एक संकेश्वरची, आणखी दोन-तीन. तिच्या शेजारच्या मशीनवर रेणुका बसते. ती संकेश्वरकडची, घरात कानडी बोलणारी, सहा महिन्यांची पोटुशी.

“काय झालं?” मी विचारलं.

“संडासाला कुलूप असतंय आमच्याकडं,” ती म्हणाली. “चावी सुपरवायझरच्या खिशात. रेणुकानं काल मागितली. ‘आत्ताच जाऊन आलीस की,’ म्हणाला. तिनं परत मागितली. त्यो म्हणाला, आधी बंडल संपीव.”

तिनं ताट बाजूला सारलं.

“बसल्या जागी झालं गं तिला. मशीनवरच. आन् त्यानं तिला फडकं दिलं. सगळ्यांसमोर पुसायला लावलं. पोट घिऊन वाकली ती. मी बघत बसलो. सगळ्या बघत बसलो.”

इकडं बायकाही ‘मी गेलतो, मी बसलो’ असंच बोलतात. पण त्या ‘बसलो’त जे होतं ते मला घरात बसवेना. मी अंगणात जाऊन उभी राहिले. संताप म्हणजे काय, हे मला अंगात कळलं. माणसाच्या लघवीवर दुसऱ्या माणसाची मालकी! आणि हे कुठल्या जुन्या काळातलं नाही. त्या शेडमध्ये शिवलेला शर्ट घालून आपली मुलं प्रार्थनेला उभी राहतात.

“युनियन नाही का?” मी विचारलं.

“पयल्या कारखान्यात हुती. नेता एकटाच आत गेला. बाहेर आला तवा मालकाची भाषा बोलत हुता.”

सकाळी मी बॅग घेऊन सुजाताबरोबर तिच्याच गाडीत बसले. ड्रायव्हर मला निपाणी स्टँडवर सोडणार होता. गाडीत नेहमीची सकाळ होती. कुणी वेणी घालत होतं, कुणी डब्यातला पहिला घास खाऊन घेत होतं. नदीचा पूल ओलांडला आणि सुजाताचा फोन वाजला. ती कानडीत बोलली. फोन ठेवून सीटवरून उठली.

“रेणुकाला गाडीत घेऊ नका म्हणून सांगितलंय. तिला काढली. संकेश्वरच्या सगळ्या बायका उतरल्यात. दुसरी गाडी करून गेटवर याय लागल्यात, पण आत जानार न्हाईत.”

गाडीत एकदम कालवा सुरू झाला. कुणी म्हणालं, बरोबर केलं. कुणी म्हणालं, ती त्यांची गाडी, ते बघून घेतील. मागच्या सीटवर एक बाई होती, छाया. नवरा वारलेला, दोन मुली. ती तटकन बोलली, “माझं घर माझ्यावर हाय. उद्या मला काढलं म्हंजे?”

तिला कुणीही गप्प बसवलं नाही. सुजाता तिच्यासमोर जाऊन सीटच्या दांड्याला धरून उभी राहिली.

“उद्या तुला काढलं, तर संकेश्वरच्या बायकांनी काय करावं छायाक्का? तू सांग.”

छायानं डब्याची पिशवी खांद्याला लावली. मग तीच पहिली उठली आणि पुढे ओरडली, “अण्णा, गाडी थांबवा!”

ड्रायव्हर म्हणाला, गाडी थेट आत न्यायची, मधी थांबवायची न्हाय असं वरनं सांगितलंय. पण त्यानं थांबवली. सगळ्या उतरल्या. माझी बेळगावची बस स्टँडवरून सुटत असणार होती, आणि मी बॅग पाठीला लावून त्यांच्याबरोबर कारखान्याकडे चालत होते.

गेटसमोर कडुलिंबाखाली सगळ्या गाड्यांतल्या बायका जमल्या. रेणुका मध्ये बसली होती, खाली मान घालून. आणि मग मी जे पाहिलं, त्याला पुस्तकात श्रमिक संघवाद असं भारदस्त नाव आहे. कामाच्या जागीच, कामगारांनीच, कुणाला डोक्यावर न बसवता निर्णय घ्यायचा. इथे ते असं दिसलं: गोल करून बसायचं. बोलेल तिचं सगळ्यांनी ऐकायचं. मराठीत बोललं की कुणीतरी कानडीत सांगायचं, कानडीत बोललं की मराठीत. दोन गोष्टी ठरल्या. एकटीनं आत जायचं नाही. आणि कुणाचंही नाव पुढे करायचं नाही.

थोड्या वेळानं मॅनेजर बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन. परगावचा माणूस, मराठी बऱ्यापैकी बोलणारा.

“तुमचा लीडर कोण?”

“एल्लारू!” संकेश्वरच्या बायका एका सुरात म्हणाल्या. त्याला कळलं नसेल म्हणून छायानं सांगितलं, “सगळ्याजणी.”

“असं कसं? दोघीजणी आत या, बसून चहा घेऊ, बोलू.”

“बाहेरच बोला की सायेब. आम्हाला बी ऐकू येतंय.”

तो आत गेला, परत आला. या वेळी बोरगावच्या बायकांना बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणाला, “ती कानडी बाई. तिच्यासाठी तुम्ही मराठी बायका स्वतःचं नुकसान का करून घेता? ते लोक तुमच्यासाठी उतरले असते का?”

सुजातानं शांतपणे ऐकून घेतलं. मग वळली आणि तेच सगळं, शब्द न शब्द, मोठ्यानं कानडीत सांगितलं. मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढी वर्षं या पट्ट्यात काढून इथली निम्मी माणसं दोन्ही भाषांत भांडतात आणि दोन्ही भाषांत लग्नं लावतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. संकेश्वरची एक म्हातारी म्हणाली, “साहेब, उतरलो की आम्ही पयले.” बायका हसल्या. मला हसू आलं नाही. सीमेच्या नावाखाली माणसं मेलेल्या या भागात हा माणूस एका संडासाच्या चावीसाठी तीच आग पेटवायला निघाला होता.

दुपारी गळ्यात पक्षाचा पट्टा घातलेले एक पुढारी आले, मागे मोबाइलवर शूटिंग करणारे दोघे. ‘आपल्या बायकांवर अन्याय’ एवढं म्हणून झालं तोच छाया म्हणाली, “पट्टा काढा आन् बसा आप्पा. ऐका. बोलायची पाळी आली की बोला.” ते बसले नाहीत. गाडीत बसून निघून गेले.

डबे उघडले. भाकरी, चपाती, चटण्या मध्ये आल्या. माझ्या हातात कुणाचा घास होता मला माहीत नाही.

उन्हं उतरताना मॅनेजर तिसऱ्यांदा आला. रेणुकाला परत घेतो, सुपरवायझर माफी मागेल, चावी खिळ्याला लटकवू, आता आत चला. काही बायका उठायला लागल्या. सुजाता म्हणाली, “थांबा. जिचं झालं तिला इचारा.”

रेणुकानं दिवसभरात पहिल्यांदा मान वर केली. तोडक्या मराठीत, एकेक शब्द जुळवत बोलली.

“माफी नको. चावी बी नको. कुलूप काढा. कडी बी काढा, भायेरची. मग आत येऊ.”

मॅनेजर म्हणाला, उद्या बघू. कुणी हललं नाही. शेवटी मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री पाना घेऊन गेला. शेडच्या कडेचा संडास गेटमधून दिसतो. त्यानं कुलूप काढलं, कडी उचकटली, आणि लोखंड सिमेंटवर पडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. रेणुका रडली. तिच्याबरोबर आणखी बऱ्याच.

मी दुसऱ्या दिवशी कणकुंबीला गेले. जांबोटीच्या पुढे रस्ता सुंदर आहे, मलप्रभेचा उगम देवळाजवळच आहे, चहाची टपरी आहे, परतीची बस मात्र विचारून ठेवा. जंगल गर्द आहे. पण मला तिथे स्वस्थ वाटलं नाही, खोटं कशाला लिहू. एका बाईला मोकळं होता यावं म्हणून एवढ्या बायकांना दिवसभर रस्त्यावर बसावं लागलं, याची चीड घेऊन मी झाडं बघत होते. ती चीड सांगलीला आल्यावरही गेलेली नाही, आणि जावी असं मला वाटत नाही.

परवा सुजाताचा फोन आला. त्या दिवसाचा पगार सगळ्यांचा कापला. रेणुका कामावर येतेय. सुपरवायझरची बदली मालकाच्या चिकोडीकडच्या दुसऱ्या शेडमध्ये झाली.

मी भडकले. “म्हणजे तिथल्या बायकांना आता हाच?”

“व्हय,” सुजाता म्हणाली. “त्यो सोमवारी गेला तिथं. आम्ही तिथल्या बायकांना आयतवारीच भेटून आलो.”