सिएनाच्या चौकात अनंताचा डाव

टक्, टक्, टक्-टक्. मिरजेच्या शाळेत आमच्या मराठीच्या बाई कविता शिकवताना लाकडी पट्टीनं टेबलावर ठेका धरायच्या आणि त्या ठेक्यावर आम्ही सगळी पोरं एका सुरात वृत्त म्हणायचो. अर्थ किती कळायचा देव जाणे, पण चाल अशी अंगात भिनायची की घरी जाताना पावलंसुद्धा त्याच लयीत पडायची. साठाहून जास्त वर्षं झाली, तरी लंडनमधल्या पिनरच्या घरात भांडी विसळताना अजून तो ठेका कानात सुरू होतो.

त्या वर्गात माझ्या शेजारी अनंत बसायचा. पुढे आम्ही दोघं डॉक्टर झालो, पाठोपाठ इंग्लंडला आलो. तो सर्जन, मी भूल देणारा. "तू झोपव, मी कापतो," हा त्याचा ठरलेला विनोद. दीड वर्षापूर्वी त्याला स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला, काठी आली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं, पण शब्द ओठांशी येऊन अडतात. "हो", "नको", "बघ", एवढ्यावर भागवायचं. वेम्बलीतल्या घरातून तो एकटा फाटकाबाहेरही पडेनासा झाला.

इटली बघायची हे आमचं कॉलेजातलं स्वप्न. या वसंतात मी ठरवलं, आता जायचंच, आणि अनंताला घेऊन जायचं. त्याची बायको सुनंदा माझ्यावर उखडलीच. "अहो भावोजी, यांना घरात पाणी मागता येत नाही, आणि तुम्ही यांना परदेशात हिंडवणार? काही झालं तर कुणाला काय सांगतील हे?"

"मी आहे ना सांगायला," मी म्हणालो. त्या वाक्याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता.

तिसरा भिडू शशी. कॉलेजच्या होस्टेलवरचा मित्र, हाउन्सलोचा निवृत्त जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, कट्टर शाकाहारी. हीथ्रोला तो मेतकुटाचा डबा घेऊन हजर. अनंतासाठी एअरलाइनकडे आधीच व्हीलचेअर मागून ठेवली होती. आमच्या वयाच्या वाचकांनी यात लाजू नये, रांगा चुकतात. पीसाला उतरून कलता मनोरा पाहिला. माझ्या डोळ्यांत भूगोलाच्या पुस्तकातलं ते काळंपांढरं चित्र उभं राहिलं, आणि समोर हा संगमरवर उन्हात दुधासारखा! अनंतानं काठी तिरकी धरून मनोऱ्याच्या कोनाशी जुळवली आणि म्हणाला, "बघ." आम्ही लहान मुलांसारखे हसलो.

पीसाहून फ्लॉरेन्स लोकल गाडीनं तासाभराचं. कागदी तिकीट घेतलंत तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड. फ्लॉरेन्समध्ये स्टेशनजवळ राहणं सोयीचं, पण रस्ते दगडी, काठीवाल्याची परीक्षा. तिथल्या कॅथेड्रलच्या घुमटावर चढायचं तर तिकीट आधीच काढावं लागतं आणि पायऱ्या चारशेच्या वर, म्हणून आम्ही खालूनच मान वर करून डोळे भरून घेतले. नदीकाठी उभा राहून मी शाळेतली एक कविता गुणगुणायला लागलो तर शशी म्हणाला, "झालं याचं सुरू. अरे, बघू दे की जरा!"

संध्याकाळी जेवायला बसलो. इथला पाव बिनमिठाचा असतो. शशीनं त्याला मेतकूट लावलं तेव्हा वेटर चकित होऊन बघत राहिला. बारा-चौदा युरोत पोटभर पास्ता मिळतो, शिवाय शिळ्या पावाचं आणि घेवड्याचं एक दाट सूप मिळतं, शाकाहाऱ्यांनी जरूर घ्यावं. तेच सूप शशीनं अनंतासाठी मागवलं. "त्याला मऊच बरं," असं वेटरला सांगूनही टाकलं. अनंताचं बोट मेनूवर दुसऱ्याच ओळीवर होतं, तिकडे आम्ही लक्षच दिलं नाही. सूप आलं. त्यानं ते डाव्या हातानं दूर सरकवलं.

"थकलाय तो," शशी मला म्हणाला. "मूडही लो वाटतोय."

"झोप नीट लागत नसेल," मी म्हणालो. "वहिनींना विचारायला हवं, गोळी बदललीय का ते."

"बीपी बघूया का रूमवर गेल्यावर?"

असा आमचा वॉर्ड राउंड रंगात आला, आणि पेशंट आमच्या दोघांच्या मधोमध बसलेला! आयुष्यभराची सवय, दुसरं काय. अनंतानं टेबलावर मूठ आपटली. "नको!" म्हणाला, उठला आणि काठी टेकत बाहेर पडला. हॉटेलपर्यंत आम्ही त्याच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून चालत होतो. त्या क्षणी मला सुनंदाचं म्हणणं खरं वाटलं. कुणाच्या हौसेसाठी आणलं होतं मी त्याला इथं?

दुसऱ्या दिवशी सिएना. फ्लॉरेन्सहून तिथं बसनंच जा, ती वर गावातच सोडते. रेल्वे स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे. खिडकीबाहेर द्राक्षमळे आणि सुरूची झाडं सरकत होती. सिएनाचा मुख्य चौक शिंपल्यासारखा, कडेकडून मधे उतरत जाणारा, सगळा तांबड्या विटांचा. लोक सरळ जमिनीवर बसतात. आम्ही अनंताला आधार देऊन खाली बसवलं आणि शेजारी टेकलो. ऊन पाठीवर छान लागत होतं, पण तिघांत अबोला.

तो अबोला सहन होईना म्हणून शशी म्हणाला, "चला, भेंड्या लावू. कवितांच्या. होस्टेलसारख्या." पहिली कविता मी म्हटली, त्यावर शशीनं एक म्हटली. ती संपली 'म'वर. सवयीनं शशी वळला आणि म्हणाला, "अनंता, तुझ्यावर 'म'," आणि त्यानं जीभ चावली.

मला तीन कविता सुचत होत्या. तोंड उघडलंही होतं. पण भेंड्यांमध्ये प्रतिस्पर्ध्याला सांगायचं नसतं, हा होस्टेलचा कडक नियम. आणि दहा अंक मोजायचे. शशीनं मोजायला सुरुवात केली, इतक्या हळू की शाळेत असता तर मार खाल्ला असता. सहा झाले. सात. अनंताचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

आणि तो म्हणायला लागला. शाळेतलीच कविता, शार्दूलविक्रीडितातली. पहिला शब्द जड, दुसरा खरखरीत, आणि मग चालीनं त्याला उचललंच. चारही ओळी, यतीसकट, मिरजेच्या हेलासकट. शेवटी आवाज चौकभर गेला. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. शेजारी बसलेल्या एका इटालियन आजीबाईंनी इंग्रजीत विचारलं, "हे कवी आहेत का? कोणती भाषा ही?"

"मराठी," मी म्हणालो. इतक्या वर्षांत मी हा शब्द परदेशात हजारदा उच्चारला असेन, पण ऊर असा कधी भरून आला नव्हता.

"आणि हे सर्जन आहेत," शशी डोळे पुसत म्हणाला.

मी डॉक्टर आहे, उगाच चमत्कार सांगणार नाही. पाठ केलेलं वेगळं आणि स्वतःचं वाक्य वेगळं. वृत्त तोंडून निघालं म्हणून बोलणं परत आलं असं होत नाही. पण एक गोष्ट मला त्या विटांवर बसून कळली. दीड वर्षात आम्ही कुणी अनंतासाठी सातपर्यंतसुद्धा थांबलो नव्हतो. तो अडला की आम्ही प्रेमानं शब्द पुरवायचो, आणि त्याचा डाव आम्हीच खेळून टाकायचो.

परतीच्या सकाळी फ्लॉरेन्सच्या कॉफी बारमध्ये आम्ही त्याला पुढे केलं. (उभ्यानं प्यायली तर कॉफी बरीच स्वस्त पडते.) मागे रांग. शशी छताकडे बघत राहिला, मी बुटांकडे. "थ्री..." अनंत म्हणाला. बराच वेळ गेला. बारवाला कप पुसत शांत उभा. "थ्री... कॉफी. वन... दूध." शेवटचा शब्द मराठी, पण बोट दुधाच्या भांड्याकडे होतं. कॉफी आली. दूधवाली माझी होती, हे त्याच्या लक्षात होतं.

हीथ्रोला सुनंदा घ्यायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि वर म्हणालो, "वहिनी, जरा थांबत जा त्याच्यासाठी." ती एवढंच म्हणाली, "थांबायला धीर लागतो, भावोजी. तुम्ही चार दिवस थांबलात." खरं होतं ते.

घरी येऊन आठवडा झाला. काय उरलं म्हणाल तर मनोरे आणि घुमट फोटोंत आहेत. मनात उरला तो चौक, आणि मित्राबद्दलचा ताठ मानेचा अभिमान. आपल्या शाळांनी आपल्याला काय काय देऊन ठेवलंय, आणि ते कुठं कामाला येतं!

इथवर लिहिलं आणि सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दार उघडलं. दारात अनंत. कोटाचं एक बटण चुकीच्या काजात, कपाळावर घाम. मागे गाडी नाही, सुनंदा नाही. म्हणजे वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइनची ट्यूब गाडी, मग पिनर स्टेशनपासूनचा तो चढ.

आतून माझ्या बायकोनं, उषानं, विचारलं, "अहो, कोण आलंय?"

उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि बाजूला सरकलो.

"मी," अनंत म्हणाला. काठी उंबऱ्याच्या आत टेकली, श्वास घेतला. उषा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि जागीच उभी राहिली. आम्ही दोघंही थांबलो.

"मी... आलोय. एकटा."